हिंजवडीजवळ भाड्याचे घर घेण्याची तयारी: पाण्याचे आधी विचारावे

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी लागली आहे आणि परवडेल असे भाड्याचे घर जवळपास हवे आहे, अशांसाठी ही तयारी लिहीत आहे. मागच्या खेपेस भाडे, डिपॉझिट, बसथांबा, पार्किंग असे सगळे विचारून झाले होते. पाण्याचे विचारायचे राहिले आणि तो अख्खा उन्हाळा त्यात गेला. त्यामुळे पुढे पाणी पुन्हा पुन्हा येईल. तेवढे वाचताना वगळू नये.

सुरुवात कचेरीच्या नेमक्या पत्त्यापासून करावी, कारण नुसते ‘हिंजवडी’ सांगून काहीच ठरत नाही. फेज एक शिवाजी चौकापाशी, वाकडच्या जवळ आहे, तर फेज तीन पार आत माणच्या बाजूला आहे. फेज एकमध्ये काम करणाऱ्याला वाकड सोयीचे वाटते. तेच वाकड फेज तीनवाल्याला रोज सगळ्या आयटी पार्कची गर्दी ओलांडायला लावते. नकाशावरचे किलोमीटर इथे उपयोगाचे नाहीत. ज्या घराचा विचार चालू आहे तिथून मंगळवारी किंवा बुधवारी, आपल्या कामाच्या खऱ्या वेळेला, कचेरीपर्यंत जाऊन पाहावे आणि संध्याकाळी परतूनही पाहावे; भूमकर चौकातून परत यायला लागणारा वेळ सकाळच्या वेळेवरून कळत नाही. रविवारी दुपारी घर पाहायला जाऊन ‘दहा मिनिटांत पोहोचलो’ असे सांगणाऱ्या एजंटवर विसंबू नये. पावसाळ्यात हेच रस्ते तुंबतात, तेही धरून चालावे. माण ते शिवाजीनगर या मेट्रो मार्गाचे नाव घेऊन कोणी भाडे वाढवून मागितले, तर घरापासून स्थानकापर्यंत स्वतः चालून पाहावे आणि मगच बोलावे.

आता पाणी. प्रत्येक घर कोणत्या हद्दीत येते हे सर्वांत आधी विचारावे, कारण पाणी हद्दीवर ठरते. बाणेर आणि बालेवाडी पुणे महापालिकेत आहेत. सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक ही गावे पालिकेत आली ती 2021 मध्ये. वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत हा भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेचा आहे. स्वतः हिंजवडी, माण आणि मारुंजी मात्र ग्रामपंचायतींत मोडतात. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचे पाणी मिळते आणि तिथे 2019 च्या अखेरीपासून एक दिवसाआड पुरवठा आहे. ‘पालिकेचे पाणी आहे’ या उत्तराने समाधान मानू नये. किती येते, किती वाजता येते आणि उरलेली गरज कशातून भागते, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. नव्या भागांत बांधकामाची परवानगी देताना, पालिकेचे पाणी पोहोचेपर्यंत स्वखर्चाने पाणी पुरवण्याचे हमीपत्र बिल्डरकडून घेतले जाते. प्रत्यक्षात सोसायटी ताब्यात आली की टँकरचा भार रहिवाशांवर येतो आणि तिथून तो भाडेकरूकडे सरकवला जातो.

मालक किंवा एजंट पाण्याबद्दल खरे सांगेलच असे नाही, म्हणून उत्तर इमारतीतच शोधावे. फाटकावर सुरक्षारक्षकाच्या टेबलावर आत येणाऱ्या गाड्यांची नोंदवही असते. तिच्यात दिवसाला किती टँकर आले ते लिहिलेले असते, आणि नम्रपणे विचारले तर बहुतेक जण दाखवतात. लिफ्टशेजारच्या फलकावर पाण्याच्या वेळांची सूचना लावली आहे का, ते वाचावे. बाथरूमच्या कोपऱ्यात झाकण लावलेला मोठा ड्रम आणि भरून ठेवलेल्या बादल्या दिसल्या, तर त्या घरात पाणी कसे येते हे निराळे विचारायला नको. नळाच्या तोंडाशी आणि शॉवरच्या भोकांवर पांढरा, खरखरीत थर साचला असेल तर पाणी बोअरचे आणि जड आहे. अशा पाण्याने गिझर लवकर खराब होतो आणि त्याच्या दुरुस्तीवरून पुढे मालकाशी वाद होतो. वरच्या मजल्यावरील एखाद्या भाडेकरूला, मालकाला नव्हे, एकच प्रश्न विचारावा: मे महिन्यात काय होते? सप्टेंबरात घर पाहणाऱ्याला हा प्रश्न सुचत नाही, कारण तेव्हा सगळीकडे पाणी असते. तो कागदावर लिहून खिशात ठेवावा.

स्वस्त आणि महाग यांचा हिशेब याच टप्प्यावर करावा, आधी नाही. मारुंजी किंवा माणमध्ये भाडे कमी दिसते. त्यात मेंटेनन्स कोण भरणार, टँकरची वर्गणी वेगळी पडते का, पिण्यासाठी पाण्याचे जार घ्यावे लागतात का, हे मिळवल्यावर तो फरक बराच आटतो. माझ्या मते, फेज एक किंवा दोनमध्ये काम असेल आणि पालिकेची नळजोडणी खरोखर असल्याची खात्री पटली, तर ताथवडे-पुनावळे हा पट्टा हात आखडून राहणाऱ्याला सर्वांत बरा पडतो. ती खात्री पटली नाही, तर तिथलेही घर नाकारावे. फेज तीनसाठी माण टाळता येत नाही, म्हणून तिथे सोसायटी निवडताना टँकरची नोंदवही पाहिल्याशिवाय टोकनचा एक रुपयाही देऊ नये.

अविवाहितांना सोसायटी घर देते का, हे पहिल्याच फोनवर विचारावे. एजंटचे शुल्क बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतके असते. ते आधी ठरवून घ्यावे.

करार साधारण अकरा महिन्यांचा असतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे अनेक जण ठामपणे सांगतात आणि ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी असणे आणि नोंदवणे बंधनकारक आहे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के असते. म्हणजे 20,000 रुपये भाडे आणि 60,000 रुपये डिपॉझिट असलेल्या अकरा महिन्यांच्या कराराला ते 564 रुपयांच्या आसपास येते. नोंदणी शुल्क पालिका हद्दीत 1,000 आणि ग्रामीण भागात 500 रुपये आहे. एजंट यापेक्षा बरेच जास्त मागत असेल तर हिशेब लेखी मागावा. करारात मेंटेनन्स कोणाकडे हे लिहिलेले असतेच; त्याच्याच खाली, उन्हाळ्यातील टँकरचा जादा खर्च मालक देईल, असे स्वतंत्र वाक्य घालून घ्यावे. तोंडी ‘बघू, होईल’ याला अर्थ नाही. हे वाक्य घालायला मालक तयार नसेल, तर टँकरचा खर्च कोणाच्या खिशातून जाणार हे समजून घ्यावे आणि भाडे तेवढे कमी करून मागावे.

बाकीचे थोडक्यात. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवली गेल्याची प्रत मालकाकडून घ्यावी. किल्ली घेताना विजेच्या मीटरचा, भिंतींवरच्या ओलीचा आणि गिझरचा फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवावा. डिपॉझिट बँकेतूनच द्यावे. घर सोडण्याच्या सूचनेची मुदत दोन्ही बाजूंना सारखी आहे का, ते पाहावे. काही सोसायट्या रविवारी लिफ्टने सामान नेऊ देत नाहीत. टेम्पो ठरवण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात विचारावे.