लहान आतडं काढल्यानंतर घरी होणाऱ्या या चुका टाळा

लहान आतड्याचा मोठा भाग काढावा लागला की टाके भरेपर्यंत सगळं घर जागं असतं. डिस्चार्ज मिळाला की वाटतं, सुटलो. पण शरीरातलं पाणी, क्षार आणि जीवनसत्त्वं यांची घडी त्यानंतर बिघडू शकते. आहारतज्ज्ञ म्हणून मला पुण्यात ज्या चुका दिसतात, त्यातल्या बहुतेक मायेपोटी झालेल्या असतात.

पहिली चूक डिस्चार्जच्या दिवशीच होते. आतडं किती काढलं हे सगळ्यांना पाठ असतं, उरलं किती हे कोणी विचारत नाही. माणसाचं लहान आतडं ३ ते ८ मीटर असू शकतं, त्यामुळे महत्त्व उरलेल्या लांबीला आहे. ती २ मीटरपेक्षा कमी असेल तर जपावंच लागतं. शिवाय इलियमचा, म्हणजे लहान आतड्याच्या खालच्या टोकाकडच्या तुकड्याचा, शेवटचा भाग शिल्लक आहे का आणि मोठं आतडं जोडलेलं आहे का, हेही सर्जनना विचारून डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

नुसतं पाणी पाजत राहणं

सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं असेल तर तिथली मल गोळा करणारी पिशवी सारखी भरते, घसा कोरडा पडतो. घरचे म्हणतात, "अहो, भरपूर पाणी प्या." पण आतड्याच्या वरच्या भागात मीठ नसलेलं पाणी गेलं की रक्तातलं सोडियम आतड्यात उतरतं, त्यामागे पाणीही जातं आणि पिशवी आणखी भरते. जितकं प्यावं तितकी तहान वाढते. उसाचा रस, आमरस, गोड सरबत यांतली साखरही आतड्यात पाणी ओढून घेते.

इथे ओआरएस हवं. एका लिटरचं पाकीट एका लिटरमध्येच कालवा, ग्लासभर पाण्यात नाही, आणि दिवसभर घोटघोट प्या. डब्ल्यूएचओच्या ओआरएसमध्ये लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम असतं. अशा पेशंटला ९०च्या आसपास लागतं, म्हणून डॉक्टर कधी कधी त्यात वरून मीठ घालायला सांगतात. ते प्रमाण त्यांच्याकडूनच घ्या, विशेषतः हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर. साधं पाणी आणि चहा मिळून दिवसाला अर्धा ते एक लिटर, एवढीच मर्यादा बऱ्याचदा घालतात. ओआरएसच्या नावाखाली विकली जाणारी गोड पेयं मात्र नकोत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली, ते फार बरं झालं.

पिशवीतून दिवसाला दीड-दोन लिटरपेक्षा जास्त जात असेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पायात गोळे येत असतील तर नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागवू नका. मॅग्नेशियम कमी असेल तर कॅल्शियम वाढत नाही, म्हणून दोन्ही तपासा.

मोठं आतडं जोडलेलं असेल तर

पाण्याचा हा त्रास बराच कमी होतो, पण मुतखड्याचा धोका येतो. न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवते आणि एरवी त्या कॅल्शियमला चिकटून बाहेर पडणारं ऑक्झॅलेट (अन्नातला मुतखडा बनवणारा घटक) मोकळं सुटून मोठ्या आतड्यातून रक्तात जातं. 'पालेभाजी पौष्टिक' म्हणून रोज पालक किंवा शेंगदाणे घातलेलं अळूचं फदफदं देऊ नका. अळू, त्यातला आंबट चुका, शेंगदाणे, तिन्हींत ऑक्झॅलेट भरपूर. उपवासाचं रताळं आणि राजगिराही त्यातलेच. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं असेल तर ते जेवणाबरोबर घ्या.

बी-१२ कडे दुर्लक्ष होतं, कारण यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. इलियमचा शेवटचा ६० सेंटिमीटरहून जास्त भाग गेला असेल तर बी-१२ची कमतरता ठरलेलीच, आणि नेहमीच्या मल्टिव्हिटामिनवर भागत नाही. बहुधा आयुष्यभर इंजेक्शनं लागतात. तळपायाला मुंग्या येण्याची वाट पाहू नका, मज्जातंतूंचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही.

आणखी एक प्रकार क्वचित घडतो, पण माहीत हवा. आतडं खूप आखूड आणि मोठं आतडं शाबूत असताना श्रीखंड-पुरीसारखं गोड भरपूर खाल्लं, की जिवाणू डी-लॅक्टिक आम्ल तयार करतात. माणूस बरळतो, झोकांड्या खातो, लोकांना तो प्यायलेला वाटतो. लॅक्टेटच्या नेहमीच्या तपासणीत हे आम्ल दिसत नाही. म्हणून इमर्जन्सीत पोहोचताच आतड्याच्या ऑपरेशनबद्दल आधी सांगा आणि डिस्चार्ज कार्ड दाखवा.