एसडीएमसीवर पहिल्यांदाच आलेल्या पालकांसाठी

आमची शाळा कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातली, सरकारी मराठी प्राथमिक. नवी शाळा सुधारणा समिती, म्हणजे एसडीएमसी, निवडायची म्हटली की आठवडाभर गावात एकच विषय असतो: अध्यक्ष कुठल्या गल्लीचा? निवड झाली, हार घातले, फोटो काढले की विषय संपतो. पुढे दर महिन्याला काय करायचं हे नव्या सदस्याला कुणी सांगत नाही. आधी सदस्य आणि नंतर अध्यक्ष म्हणून काम करताना जे कळलं, ते इथे लिहितोय.

आधी आपला अधिकार समजून घ्या. कर्नाटकात एसडीएमसी २००१ च्या सरकारी आदेशानं आली आणि पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा तिला आधार मिळाला. कायद्यात समितीची कामं सांगितली आहेत ती अशी: शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं आणि अनुदान कुठे खर्च झालं ते बघणं. मास्तरांची बदली करणं किंवा पगार अडवणं आपल्या हातात नाही. अध्यक्ष झालो म्हणजे हेडमास्तरांचा साहेब झालो, असं समजणारे प्रत्येक गावात एक-दोन निघतातच. मुख्याध्यापक हेच समितीचे सचिव असतात. त्यांच्याशी बोलणं तुटलं की समिती फक्त कागदावर उरते.

समितीत निम्म्या बायका असाव्यात असं कायदा सांगतो. यादीत त्या असतातही, पण बैठकीला येतात त्यांचे नवरे. यावर आमच्याकडे चाललेला उपाय म्हणजे बैठकीची वेळ बदलणं. रोप लावणीच्या दिवसांत सकाळी अकराला बैठक लावली तर कोण येणार? मुलांना न्यायला आया येतात तेव्हा, शाळा सुटताना बसलं तर त्या थांबतात. फक्त मास्तरांची शेवटची बस चुकणार नाही एवढं बघायचं. पोषण आहाराबद्दल नेमके प्रश्न त्याच विचारतात. एका काकींनी भरल्या बैठकीत विचारलं होतं, “ओ सर, डाळ पातळ आहे ते ऱ्हाऊदे, डाळ किती घातली ते सांगा की.” मापं पाठ असलेली बरी. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. हजेरीपटावरचा आकडा आणि त्या दिवशी काढलेला तांदूळ यांचा मेळ बसतो का, एवढंच बघायचं. कधीतरी न सांगता जेवणाच्या वेळी जा, मुलांच्या पंक्तीत बसून तेच जेवा. स्वयंपाक करणाऱ्या मावशींवर मात्र आवाज चढवू नका. त्यांचं मानधन तुटपुंजं असतं आणि सामान कमी आलं तर त्यात त्यांचा दोष नसतो.

आता खऱ्या कामाकडे येऊ. समितीची सगळी ताकद प्रोसिडिंगच्या, म्हणजे बैठकीतले ठराव लिहायच्या, वहीत असते. बैठकीत कितीही तावातावानं बोला, वहीत आलं नाही तर ते पारावरच्या गप्पांसारखंच. बैठक संपताना “सही तेवढी मारा” म्हणून वही फिरते आणि ठराव नंतर लिहिला जातो. ही सवय पहिल्याच बैठकीत मोडा. तिथल्या तिथे लिहायला लावा, मोठ्यानं वाचायला लावा आणि मगच सही करा.

ठराव कसा लिहिला आहे यावर बरंच अवलंबून असतं. ‘छपराबाबत चर्चा होऊन योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले’ हा ठराव कुणालाच बांधून ठेवत नाही. त्याऐवजी लिहा: ‘चौथीच्या वर्गावरची दोन ओळी कौलं फुटली आहेत, ती मेअखेर बदलावीत, खर्च शाळा अनुदानातून करावा, काम अमुक सदस्यांनी बघावं.’ पुढच्या बैठकीची सुरुवात मागचे ठराव वाचूनच करा. आमच्या भागात जूनच्या मध्यापासून पाऊस सुरू झाला की छपरावर चढता येत नाही, म्हणून दुरुस्तीचे विषय मार्चमध्येच काढायचे.

पैशाचं गणित पटावर चालतं. समग्र शिक्षा योजनेतलं शाळा अनुदान पटसंख्येप्रमाणे ठरतं: ३० पर्यंत मुलं असतील तर वर्षाला १० हजार रुपये, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी असतात. वरच्या रकमा ही कमाल मर्यादा आहे, हातात येईपर्यंत कमी होऊ शकतं आणि उशीरही होतो. पासबुक दर बैठकीला टेबलावर हवं, बिलं त्याच्या शेजारी. यात कुणावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. हिशेब उघडा असला की मास्तरांवरही उगाच बालंट येत नाही.

कंपाउंड, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी असली मोठी कामं या रकमेत होत नाहीत. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे जावं लागतं. समितीचा ठराव पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे) द्या आणि ग्रामसभेत तो विषय वाचला जाईल असं बघा. मते मागायला आलेल्यांना तोंडी सांगून काही होत नाही.

सगळ्यात अवघड विषय शिक्षकांचा. कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन, ९० पर्यंत तीन शिक्षक हवेत. सीमाभागातल्या लहान मराठी शाळांत एकच मास्तर चार वर्ग सांभाळतात हे आपण रोज बघतो. जागा रिकामी झाली की वाट बघू नका. त्याच आठवड्यात तातडीची बैठक घ्या. वर्गवार पट, मंजूर जागा, हजर शिक्षक हे तीन आकडे ठरावात घाला आणि अतिथी शिक्षकाची मागणी बीईओ (तालुका गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात द्या. अर्ज मराठीत द्यायचा आग्रह असेल तर जरूर द्या, पण सोबत कन्नड प्रत जोडा. भाषेचा वाद त्याच्या जागी लढू, त्यापायी पोरांचा वर्ग महिनाभर रिकामा राहायला नको. परिपत्रकंही कन्नडमध्ये येतात, म्हणून समितीत कन्नड नीट वाचणारा एक तरी सदस्य असावा. नसेल तर गावातल्या कॉलेजच्या पोराला धरा.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर त्या क्रमांकाचा हवाला देऊन दुसरा अर्ज द्या आणि त्याची प्रत डीडीपीआय (शैक्षणिक जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक) कार्यालयाला पाठवा. खानापूर तालुका बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात येतो. निपाणी, चिकोडीकडच्या शाळांनी मात्र चिकोडीच्या डीडीपीआयकडे पाठवायची.