सिझरचे टाके पिकू नयेत म्हणून या चुका टाळा

टाके पिकले की आपल्याकडे खान्देशात पहिला संशय भातावर. ‘वरणभात दिला असेल, म्हणून पू झाला!’ बिचाऱ्या भाताचा यात काही दोष नाही. उलट डाळ, दूध, अंडी बंद केली की जखम भरायला लागणारी प्रथिनंच कमी पडतात.

खरं कारण बरेचदा पोटाच्या घडीखाली असतं. बाळंतिणीचं वजन जास्त असेल, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३० च्या पुढे, तर सिझरचा आडवा छेद त्या घडीत दडतो. चरबीला रक्तपुरवठा कमी, तिच्यात पाणी साचायला जागा, वरून घाम. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो, आणि आपण तिला वारा लागेल म्हणून दारं-खिडक्या लावून ठेवतो, खाटेखाली शेगडीही सरकवतो! जंतूंना आणखी काय हवं? शेक पोटाला नकोच. छेदाभोवतीची कातडी कित्येक महिने बधिर असते, चटका बसलेला कळतही नाही.

डॉक्टरांनी आंघोळीला हो म्हटलं की साबणाचं पाणी जखमेवरून नुसतं वाहू द्या, चोळू नका. मग तिला आडवं करून आईने किंवा सासूबाईंनी घडी हाताने वर धरायची, स्वच्छ सुती कापडाने टिपायचं आणि थोडा वेळ पंख्याखाली राहू द्यायचं. घडीत धुतलेलं कोरडं कापड ठेवा, ओलसर लागलं की बदला. हळद, खोबरेल, पावडर काही लावू नका. पोटपट्टा घामाने भिजला तर तोही बदलायचा. तिला स्वतःला जखम दिसत नाही, म्हणून रोज मोबाइलवर फोटो काढा. कालच्या फोटोशी ताडून बघता येतं.

ऑपरेशनआधी घरी ब्लेडने केस काढू नका, बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. साखर वाढलेली असेल तर ती ताब्यात ठेवा. छेदाआधीचं अँटिबायोटिक, २ सेंटिमीटरपेक्षा जाड चरबीला वेगळे टाके, हे डॉक्टरांचं काम. वजन मात्र खरं सांगा, १२० किलोपासून पुढे त्या अँटिबायोटिकचा डोस वाढवतात.

संसर्ग बहुधा चौथ्या ते सातव्या दिवशी डोकं वर काढतो, म्हणजे सुट्टी होऊन घरी आल्यावर. पसरणारी लाली, वास, पू, वाढतं दुखणं, १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, यातलं काही दिसलं तर मेडिकलवरून गोळ्या आणून दिवस काढू नका. आत साचलेला पू मोकळा करावाच लागतो. आणि जखमेतून गुलाबी पाणी एकदम भसकन आलं, आत काही सुटल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट न बघता स्वच्छ कापड झाकून थेट दवाखाना गाठा.