तापात पेज हवीच, पण नुसती पेज नको

फ्लूचा ताप आला की घरातून पहिली सूचना येते, "जड काही खाऊ नकोस, पेज घे." एखादा दिवस ठीक. पण ताप एक अंश सेल्सिअसने चढला की शरीराची ऊर्जेची गरज साधारण १० टक्क्यांनी वाढते, आणि विषाणूशी लढणारी प्रतिपिंडंही प्रथिनांचीच असतात. म्हणून तांदळाच्या पेजेत मूठभर मूगडाळ गाळ शिजवा, वर चमचाभर तूप आणि लिंबू. अंडं चालत असेल तर उत्तमच. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारावं.

हळदीच्या दुधाने घशाला बरं वाटतं, जरूर प्या. पण दाह कमी करण्यासाठी त्यावर विसंबू नका. हळदीतलं कर्क्युमिन अंगी फारसं लागत नाही, चिमूटभर मिरपुडीने थोडं जास्त शोषलं जातं इतकंच. काढा तर काही घरांत असा जहाल करतात की खोकला राहतो बाजूला आणि पोटात जळजळ सुरू! सर्दी झाल्यावर क जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करूनही फारसा फरक पडत नाही; आवळा, पेरू एरवीच खाण्यात असू द्या. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी, ताक, सार वाढवा. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला खोकल्यासाठी मध चाटवू नका.