मंडळाचा इतिहास लिहायचाय? मग ट्रॉफीचं कपाट आधी उघडू नका

परळच्या आमच्या कबड्डी मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी पण तेच केलं जे बहुतेक जण करतात, कपाट उघडलं, ढाली आणि चषक बाहेर काढले, पितळी पट्ट्यांवरची सालं वहीत उतरवली आणि चार पानांत विषय संपला. ती पानं चाळीतल्या एका जुन्या खेळाडूला, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, वाचून दाखवली. तात्या म्हणाले, "सगळं बरोबर आहे रे, पण यात मैदान कुठाय? माती कोणी आणली ते कुठाय?" त्या दिवसापासून मी परत सुरुवात केली आणि पुढचं सगळं त्यातून शिकलेलं आहे, कुणाला उपयोग झाला तर बरं वाटेल.

आधी माणसं. कागद कपाटात अजून वर्षभर टिकेल, ८० च्या पुढचा माणूस टिकेलच असं नाही, आणि गिरणगावात तर निम्मी जुनी माणसं आता इथे राहतही नाहीत, कुणी विरारला, कुणी बदलापूरला, आणि बरीचशी रत्नागिरी, सिंधुदुर्ग नाहीतर साताऱ्याला गावी. त्यामुळे यादी करताना नाव, आत्ता मुक्काम कुठे आणि मुंबईला कधी येतात असे तीन रकाने करा. गावी असलेल्यांना फोनवर विचारू नका, फोनवर माणूस "हो हो, खूप खेळलो" एवढंच बोलतो. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाल तेव्हा दोन तास काढा, अंगणात बसा.

बसल्यावर "काका, मंडळाचा इतिहास सांगा" असं कधीच म्हणायचं नाही, समोरचा लगेच भाषणाच्या आवाजात बोलायला लागतो. एक जुना संघाचा फोटो हातात द्या आणि डावीकडून एकेक नाव विचारत जा, नाव निघालं की तो कुठल्या गिरणीत होता, कुठल्या खात्यात, राहायला कुठे होता, गावकीच्या (एका गावच्या माणसांच्या सामाईक) खोलीवर की चाळीत बिऱ्हाड करून, हे आपोआप निघतं. मग मैदानाकडे या. लाल माती कुठून यायची, पाणी कोण मारायचं, रेषा आखायची पांढरी फक्की कोण टाकायचं, पेट्रोमॅक्स भाड्याने कुठून आणायचे, पाहुण्या संघाचा चहा कुणाच्या घरून यायचा. चहाचा प्रश्न मुद्दाम विचारा, कारण तिथून बायकांची नावं येतात जी एकाही इतिवृत्तात नसतात. आमच्याकडे एका मावशींनी बरीच वर्षं स्पर्धेच्या दिवशी पोहे करून दिलेत, हे मला ८३ वर्षांच्या एका काकांनी सांगितलं, मंडळाच्या कुठल्याच कागदावर त्यांचं नाव नाही, आता पुस्तकात आहे.

रेकॉर्डिंग मोबाईलवर करा पण आधी विचारून, आणि घरी आल्यावर त्याच रात्री निदान नावं तरी लिहून काढा, कारण टोपणनावांचा फार घोळ होतो. आमच्याकडे तीन वेगवेगळे "बाळा" निघाले.

आता कागद. पहिला शोध स्मरणिकेचा, म्हणजे रौप्यमहोत्सव नाहीतर सुवर्णमहोत्सवाला छापलेल्या पुस्तिकेचा. मंडळाच्या ऑफिसात नसेल तर जुन्या कार्यवाहांच्या घरी माळ्यावर असते. तिच्यातल्या मनोगतांपेक्षा जाहिराती नीट वाचा, कुठलं दुकान, कुठली खानावळ, कुठला टेलर मंडळाच्या पाठीशी होता ते तिथे कळतं. मग इतिवृत्ताच्या वह्या, जमाखर्च, पावती पुस्तकं. पावती पुस्तक ही मला सगळ्यात खरी वस्तू वाटते, कारण पैसे कुणी किती दिले यात माणूस फारशी अतिशयोक्ती करत नाही. आमच्या पुस्तकांत १९८१ पर्यंत वर्गणी भरभरून आहे आणि पुढच्या दोन वर्षांत पानंच्या पानं कोरी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे आपण सगळे वाचतो, पण आपल्याच पावती पुस्तकाची कोरी पानं बघितल्यावर ते अंगावर येतं. मंडळात त्या साली खेळणारे कितीजण गावी निघून गेले ते तुमच्या हजेरीवरून मोजा आणि लिहा.

बऱ्याच कागदांवर तारीखच नसते, तेव्हा या काही खुणा कामाला येतात. पावतीवर आणे असतील तर ती बहुतेक एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण दशमान नाणी तेव्हा आली, आणि "न. पै." म्हणजे नये पैसे लिहिलेलं असेल तर १९५७ ते साधारण १९६४ मधली. लेटरहेडवर सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, पण नुसतं "मुंबई १२" असा जुना टपाल विभाग असेल तर त्यावरून जुनंच आहे असं धरू नका, लोक पुढेही कित्येक वर्षं तसंच लिहीत होते. स्टुडिओच्या शिक्क्यावर फोन नंबर आठ आकडी आणि पुढे २ असेल तर २००२ च्या आसपास किंवा नंतरचा. कुठे "मुंबई राज्य" छापलं असेल तर १ मे १९६० च्या आधीचं असण्याची शक्यता जास्त. खेळाच्या नावावरूनही अंदाज येतो, जुनी माणसं बोलताना अजून हुतूतू म्हणतात, कबड्डी हे नाव देशभर पक्कं होत गेलं ते १९५० साली अखिल भारतीय महासंघ निघाल्यावर.

स्थापनेचं साल हा सगळ्यात भांडणाचा विषय. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी म्हणजे स्थापना नव्हे, तो विश्वस्त कायदाच १९५० चा आहे आणि कित्येक मंडळं मैदानावर आधी खेळायला लागली आणि नोंदणी सावकाश केली. वरळीच्या ऑफिसातून परिशिष्ट १ चा उतारा मात्र जरूर काढा, पहिल्या विश्वस्तांची नावं त्यात मिळतात. दोन सालं निघाली तर दोन्ही छापा, कुठलं कशावरून ते सांगा.

इथे मला आयर्लंडचं उदाहरण द्यायचंच आहे. तिथे हर्लिंग (ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची काठी घेऊन खेळतात) आणि गेलिक फुटबॉल या दोन देशी खेळांची संघटना आहे, गेलिक ॲथलेटिक असोसिएशन. १ नोव्हेंबर १८८४ ला थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात मायकल क्यूसॅक नावाच्या शिक्षकाने बोलावलेल्या बैठकीत ती सुरू झाली. आज त्यांचं डब्लिनचं क्रोक पार्क ८२ हजारांहून जास्त प्रेक्षकांचं आहे, आणि तिथे फायनल खेळणारा खेळाडूसुद्धा खेळण्याचा पगार घेत नाही, सोमवारी आपल्या नोकरीवर जातो. सगळा डोलारा पॅरिशच्या क्लबवर, म्हणजे चर्चच्या आसपासच्या गाव-वस्तीच्या क्लबवर उभा आहे, माणूस साधारणपणे आपल्या गावाच्याच क्लबकडून खेळतो. हे वाचताना मला आपली वाडी, आपली चाळ आणि तिचं मंडळच दिसत होतं. आणि एवढ्या मोठ्या संघटनेच्या त्या पहिल्या बैठकीला माणसं किती होती यावरही एकमत नाही! सात नावं नेहमी सांगितली जातात, पण त्या वेळच्या बातम्यांत आणखी नावं आहेत, आणि तिथले अभ्यासक हे उघडपणे मांडतात. मग आपल्या मंडळाला १९४७ की १९४९ यावर कुणी मान खाली घालायचं कारण नाही.

वर्तमानपत्रांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा, ते १८९८ पासूनचं आहे. जाताना तारखा घेऊन जा, नुसतं "सत्तरच्या दशकात आम्ही जिंकलो" म्हणून फाइली चाळायला बसलात तर महिने जातील. स्पर्धा कुठल्या महिन्यात व्हायची ते माणसांनी सांगितलेलं असतं, म्हणून परत तेच, माणसं आधी.

मंडळ फुटलं असेल, आणि गिरणगावात न फुटलेलं मंडळ विरळाच, तर ते गाळू नका. साल, कारण, कोण कुठे गेलं एवढंच साध्या वाक्यांत लिहा आणि दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाला छापण्याआधी दाखवा. मी दाखवलं. एका काकांनी एक शब्द बदलायला सांगितला, दुसऱ्यांनी काहीच न बोलता पान परत दिलं आणि चहा मागवला.

सगळ्यात तातडीचं काम शेवटी आठवलं, खरं तर आजच करण्यासारखं आहे. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली की मंडळाची खोली सामान हलवण्यात जाते. आमची एक पत्र्याची ट्रंक ट्रान्झिट कॅम्पला शिफ्ट होताना भंगारात गेली, त्यात १९६० च्या दशकाची इतिवृत्तं होती, आता ती कुठेच नाहीत आणि त्या दहा वर्षांसाठी माझ्याकडे फक्त तीन म्हाताऱ्या माणसांची आठवण आहे. म्हणून आज संध्याकाळी जा, प्रत्येक वहीचं प्रत्येक पान खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून मोबाईलने काढा, कोरी पानंसुद्धा, फाइलच्या नावात आधी साल लिहा आणि तीन वेगवेगळ्या घरांत कॉपी ठेवा.

पुस्तक छापलं की एक प्रत ग्रंथसंग्रहालयाला द्या आणि ज्यांच्या अंगणात बसलात त्यांची प्रत कुरिअरने पाठवू नका, शिमग्याला त्या वाडीत जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्या, आणि त्याला सांगा की संघाच्या फोटोचं पान उघडूनच हातात दे.