आज संध्याकाळी बर्फाचा पेला घेऊन शेतात जा

टोमॅटो-बटाट्याचं उभं पीक करप्यात (पानं करपवणाऱ्या बुरशीच्या रोगात) गेलेलं जेव्हा जेव्हा पाहिलं, तेव्हा चूक एकच निघाली. दवाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. ओल्या पानातच ही बुरशी शिरते. पानावर डाग दिसला की दुकानाकडे धाव. पण डाग दिसतो तेव्हा बुरशी पानात शिरून काही दिवस झालेले असतात.

रात्री गार होऊ लागल्यात, वारा पडलाय. म्हणून आज रात्री दव पडेल का हे सांगणारा हा पेल्याचा प्रयोग उद्यावर ढकलू नका.

स्टीलचा चकचकीत पेला अर्धा साध्या पाण्याने भरा, बाहेरून कोरडा पुसा. त्यात प्रयोगशाळेतला थर्मामीटर ठेवा (ताप मोजायचा चालत नाही, तो ३५ अंशांखाली दाखवत नाही). दिवस मावळताना पिकात उभं राहून बर्फाचे बारीक तुकडे एकेक टाका, ढवळत राहा. पेल्यावर श्वास सोडू नका. बाहेरून पहिला धुरकट थर आला की आकडा लिहा. मग पाणी हळूहळू कोमट होऊ द्या. थर जाताना पुन्हा लिहा. दोन्हींची सरासरी म्हणजे दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते ते. पेला झिरपलेला नाही, ते पाणी हवेतलं आहे. रात्री तेच पानावर बसतं.

आता हवामान अंदाजातलं रात्रीचं किमान तापमान बघा. ते दवबिंदूइतकं किंवा खाली जाणार असेल तर दव पडणारच. माझा अंदाज विचाराल तर, आभाळ निरभ्र असेल आणि किमान तापमान दवबिंदूच्या वर २-३ अंशच राहणार असेल, तरी पान ओलं धरा. उघड्या आभाळाखाली पान हवेपेक्षा गार होतं.

बटाट्याच्या करप्याचा धोका ओळखायला हटन निकष नावाचा नियम आहे: सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश किंवा जास्त, आणि दोन्ही दिवशी किमान ६ तास आर्द्रता ९० टक्के किंवा वर. दवाच्या रात्री हे सहा तास कधी भरतात, कळतही नाही.

अशा दिवशी संध्याकाळी तुषार सिंचन बंद म्हणजे बंद. पाणी सकाळीच, तेही मुळाशी. फवारणी डाग येण्याआधी: मॅन्कोझेब ७५ टक्के हे बुरशीनाशक, १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम, दव सुकल्यावर, पानाच्या खालच्या बाजूलाही. हे औषध पानाचं रक्षण करतं, आत शिरलेली बुरशी मारत नाही. सोबत टॉनिक घ्याच म्हणून कुणी गळ घातली तर नाही म्हणा. टॉनिकने ओलं पान कोरडं होत नाही.

बाकी कामं:
– जमिनीला टेकलेली पानं काढणे
– तण काढणे
– बटाट्याला मातीची भर
– टोमॅटोला आधार, बांधणी
– नत्राचा जादा हप्ता टाळणे

पान ओलं असताना पिकात शिरू नका. ऊन चढल्यावरही बांधावर चपला भिजत असतील, तर त्या दिवशी पान सुकताच खालची पानं उलटून बघा. तपकिरी डागाच्या कडेला पांढरी लव दिसली तर ते झाड लगेच पिशवीत भरून शेताबाहेर न्या आणि खोल पुरा.