बॉल ‘मेला’ म्हणण्याआधी: बोलिंग बॉल पारखताना या चुका टाळा

आपला बॉल ‘मेला’, म्हणजे पूर्वीसारखा वळत नाही का, हा प्रश्न मॉलमध्ये भाड्याच्या बॉलने खेळणाऱ्याला सहसा पडत नाही. तो बॉल बहुधा पॉलिएस्टरचा असतो. लेनवरचं तेल पीत नाही, फारसा वळतही नाही. पण मुंबई-पुण्याहून स्वतःच्या बोटांच्या मापाने ड्रिल केलेला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा (तेल शोषणारा, जास्त वळणारा) बॉल नाशकात आणला, की काही महिन्यांत तक्रार सुरू होते: ‘हूक (वळण) गेला राव!’

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लेनकडे न बघता बॉलला दोष देणं. लेन ६० फुटांची, तेल मात्र साधारण पहिल्या ४० फुटांवरच. शनिवारी संध्याकाळी गर्दी झाली की नेहमीच्या वाटेवरचं तेल उडतं. मग बॉल लवकर पकड घेतो, लवकर वळतो आणि पिनांपर्यंत पोचेस्तोवर त्याचा जीव गेलेला असतो. सकाळी ताज्या तेलावर तोच बॉल लांबवर घसरत जातो. उजव्या हाताने खेळत असाल, तर संध्याकाळी लेनच्या दोन-तीन पट्ट्या डावीकडे सरकून टाका. मारा सुधारला तर बॉल ठणठणीत आहे.

स्ट्राइक मोजून बॉल पारखू नका, त्यात नशीबही असतं. बॉल कुठल्या पट्टीवरून गेला, कुठे वळायला लागला ते बघा. नवा असतानाच मागून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. पुढे तेल ताजं असताना पुन्हा काढा आणि ताडून बघा.

ताज्या तेलावरही वळण खरंच उशिरा येत असेल, तर पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालाय किंवा आत तेल मुरलंय. यात लोक घाई करतात. आधी बॉल क्लीनरने स्वच्छ करा. मग २००० ग्रिटच्या (बारीक घासणाऱ्या) पॅडने, दिशा बदलत, सगळीकडे सारखा घासा. फक्त बॉलवर तेलाची कडी उमटते तेवढाच भाग घासला तर गोलाई बिघडते. एवढ्यानेही फरक पडला नाही, तरच तेल काढायच्या मागे लागा. ओव्हन किंवा हेअर ड्रायर नको, तडा जाईल. खरं तर प्रत्येक फेकीनंतर मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसलं तर ही वेळ लांबते, कारण तेल काही मिनिटांत मुरायला लागतं. हे सगळे ऐकतात, करत कुणी नाही.

गाडीच्या डिकीत बॉल ठेवण्याबद्दल काय बोलावं! नाशिकचं हवामान थंड, ही समजूत मे महिन्यात कामाची नाही. तापलेल्या डिकीत बाहेरचं कवच आणि आतला कोअर वेगवेगळे प्रसरण पावतात, डिसेंबरच्या पहाटे आकसतात. तडे बहुतेकदा बोटांच्या दोन भोकांमधल्या अरुंद पुलावर दिसतात. जुना बॉल घेताना तिथून नख फिरवा. नख अडकलं, तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका.